नॅसवर मीडिया सर्व्हर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नॅस म्हणजे राउटरला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी, आणि मीडिया सर्व्हर म्हणजे त्या पेटीतले सिनेमे, मालिका, गाणी, घरचे व्हिडिओ पोस्टरसकट टीव्हीवर आणि मोबाइलवर लावून देणारं सॉफ्टवेअर. या विषयावर इतकी पत्रं आलीत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं थोडी आटोपशीर केलीत.

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे सिनॉलॉजी कंपनीचा दोन बेचा (दोन डिस्क बसणारा) नॅस आहे. अपडेट मारलं आणि व्हिडिओ स्टेशन गायबच झालं. आता प्लेक्स टाकू, जेलीफिन टाकू की एम्बी? मी काही कॉम्प्युटरवाला माणूस नाही, घरच्यांना टीव्हीवर नीट दिसलं पाहिजे एवढंच.

उत्तर: व्हिडिओ स्टेशन तुमच्या हातून काही चुकलं म्हणून गेलेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये डीएसएम (सिनॉलॉजीच्या नॅसची ऑपरेटिंग सिस्टम) ७.२.२ आलं त्यात सिनॉलॉजीने ते काढूनच टाकलं, त्यामुळे ते परत आणायच्या मागे लागू नका. तुमचे व्हिडिओ फोल्डरमध्ये आहेत तसेच आहेत, फक्त ते दाखवणारं अ‍ॅप गेलंय.

आता कुठलं घ्यायचं. प्लेक्स नॅसच्या पॅकेज सेंटरमधून (त्याच्या अ‍ॅप स्टोअरमधून) मिळतं, दोन-चार क्लिकमध्ये बसतं आणि जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर त्याचं अ‍ॅप आहे, ही त्याची खरी ताकद. पण त्यांच्या साइटवर अकाउंट काढावं लागतं, हार्डवेअर ट्रान्सकोडिंग (हे काय ते पुढे सांगतो) हवं तर प्लेक्स पास विकत घ्यावा लागतो, आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायलाही पैसे मोजावे लागतात. जेलीफिन पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स, अकाउंट-बिकाउंट काही नाही, सगळं तुमच्याच पेटीत राहतं. एम्बीने आपला कोड बंद केला तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, त्यातून फुटून हे निघालं. फक्त सिनॉलॉजीच्या स्वतःच्या पॅकेज सेंटरमध्ये ते नाही, म्हणून कंटेनर मॅनेजरमधून (हे डॉकरचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रामच्या सुट्या बंद डब्या, चालवणारं अ‍ॅप) किंवा सिनोकम्युनिटी या हौशी गटाच्या पॅकेजमधून टाकावं लागतं, आणि काही लहान मॉडेलांवर कंटेनर मॅनेजर चालतच नाही ते आधी बघून घ्या. एम्बी या दोघांच्या मधलं, बरंचसं फुकट पण हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे.

माझं मत विचाराल तर नॅसवर काहीही टाकायच्या आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या आणि टीव्हीच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये जेलीफिन शोधा. मिळालं तर जेलीफिन लावा, नाही मिळालं तर प्लेक्स. आणि ठरतच नसेल तर दोन्ही एकाच वेळी ठेवून बघता येतात, एकच फोल्डर दोघांनी वाचला तर काही बिघडत नाही, प्लेक्सचा पोर्ट (नेटवर्कवरचा त्याच्या दरवाजाचा नंबर) ३२४०० आणि जेलीफिनचा ८०९६ त्यामुळे टक्करही होत नाही. टक्कर होते ती एम्बी आणि जेलीफिनची, कारण दोघांचाही ८०९६च आहे, तिथे एकाचा बदलावा लागतो.

प्रश्न: प्लेक्स टाकलं, लायब्ररी बनवली, फोल्डर निवडायला गेले तर फोल्डर रिकामा दिसतो. फाइल स्टेशनमध्ये मात्र सगळे सिनेमे दिसतायत. दोनदा काढून परत टाकलं तरी तेच. माझ्या भावाचं जेलीफिन आहे डॉकरमध्ये, त्याच्याकडेही स्कॅन होतं आणि शून्य सिनेमे येतात. डिस्क खराब आहे का?

उत्तर: डिस्क ठणठणीत आहे ताई, काळजी करू नका. सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत आणि दहातल्या नऊ वेळा कारण परमिशनचंच निघतं.

फाइल स्टेशन तुम्ही तुमच्या नावाने उघडता म्हणून तुम्हाला सगळं दिसतं. प्लेक्स मात्र तुमच्या नावाने चालत नाही. डीएसएम ७ पासून प्रत्येक पॅकेजचा स्वतःचा वेगळा युजर असतो, प्लेक्सच्या युजरचं नाव प्लेक्समीडियासर्व्हर, आणि त्याला तुमच्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगी कोणी दिलेलीच नसते. कंट्रोल पॅनलमध्ये शेअर्ड फोल्डर, त्यात तुमचा सिनेमांचा फोल्डर, एडिट, परमिशन, आणि तिथे वरच्या ड्रॉपडाउनमध्ये 'लोकल युजर' असं आलेलं असतं ते बदलून 'सिस्टम इंटर्नल युजर' करायचं. हा ड्रॉपडाउन कोणाच्या लक्षातच येत नाही आणि मग लोक युजरच्या यादीत प्लेक्स शोधत बसतात. तिथे प्लेक्सला फक्त रीडची टिक द्या, राइटची गरज नाही. मग लायब्ररी परत स्कॅन करा.

एवढं करूनही काही फोल्डर दिसले आणि काही नाही असं झालं तर आतल्या जुन्या फोल्डरांवर वेगळ्या परमिशन चिकटलेल्या असतात, विशेषतः दुसऱ्या डिस्कवरून कॉपी करून आणलेल्या असतील तर. फाइल स्टेशनमध्ये त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन परमिशन द्या आणि खाली 'या फोल्डरला, आतल्या फोल्डरांना आणि फाइलींना लागू करा' अशी टिक असते ती मारायची.

आता तुमच्या भावाचं. डॉकरमध्ये कंटेनरला नॅसचे फोल्डर दिसतच नाहीत, आपण जेवढे जोडून देऊ तेवढेच दिसतात आणि तेही आपण दिलेल्या नावाने. म्हणजे नॅसवरचा 'व्हिडिओ' फोल्डर कंटेनरला 'मीडिया' या नावाने जोडला असेल तर जेलीफिनच्या लायब्ररीत 'मीडिया' असंच टाकायचं, नॅसचा लांबलचक पाथ तिथे टाकला तर जेलीफिनच्या दृष्टीने तो फोल्डर अस्तित्वातच नाही. जोडताना 'रीड ओन्ली' करून द्या असं मी आग्रहाने सांगेन, घरात कोणीतरी चुकून डिलीटचं बटण दाबलं तरी मूळ फाइल सुरक्षित राहते. दुसरं, लिनक्ससर्व्हर या गटाची इमेज (कंटेनरचा तयार साचा) वापरत असेल तर पीयूआयडी आणि पीजीआयडी असे दोन आकडे भरावे लागतात, म्हणजे कंटेनर कोणाच्या नावाने चालणार ते. सिनॉलॉजीवर पहिल्या युजरचा आकडा बहुतेक वेळा १०२६ आणि ग्रुपचा १०० असतो, पण अंदाजाने भरू नका, एसएसएचने (कमांड लिहून नॅस चालवायची सोय) आत जाऊन आयडी ही कमांड दिली की खरे आकडे समोर येतात.

प्रश्न: कंटेनर नवीन व्हर्जनवर नेला आणि युजर, लायब्ररी, कोणी काय कुठपर्यंत बघितलं ते सगळं गेलं. असं दरवेळी होणार का?

उत्तर: नाही. कॉन्फिग फोल्डर (सेटिंग आणि नोंदी ठेवणारा) नॅसवरच्या खऱ्या फोल्डरला जोडलेला नव्हता म्हणून सगळं कंटेनरच्या आतच साठत होतं आणि जुना कंटेनर काढला तसं त्याच्याबरोबर गेलं. नॅसवर 'डॉकर' फोल्डरमध्ये 'जेलीफिन', त्यात 'कॉन्फिग' आणि 'कॅशे' असे दोन फोल्डर करा, ते जोडा, मग कंटेनर कितीही वेळा पुसला तरी सगळं जागेवर राहतं. हा कॉन्फिग फोल्डर नॅसच्याच डिस्कवर ठेवायचा, दुसऱ्या मशीनवरच्या नेटवर्क शेअरवर नको, कारण आत एसक्यूलाइटचा डेटाबेस असतो आणि त्याला नेटवर्कवरून वापरलं तर तो खराब होऊ शकतो. नॅसमध्ये एसएसडीचा व्हॉल्यूम असेल तर त्यावर ठेवा, पोस्टरं पटापट येतात.

प्रश्न: फोरके सिनेमा लावला की दर अर्ध्या मिनिटाला गोल फिरायला लागतं. दुकानदार म्हणतो नॅस कमी पडतोय, मोठा घ्या. वायफाय नाही, टीव्हीला सरळ केबल लावलेली आहे तरी असं. साधे सिनेमे मस्त चालतात. खरंच नवीन नॅस घ्यावा लागेल का?

उत्तर: थांबा, पैसे काढू नका अजून. या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त जागा देतोय, कारण या एका गोष्टीपायी लोक विनाकारण नवीन मशीन घेतात.

सर्व्हर दोन प्रकारे काम करतो. टीव्हीला फाइल जशी आहे तशी चालत असेल तर नॅस ती नुसती उचलून देतो, याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि याला इतकी कमी ताकद लागते की जुनापाना नॅससुद्धा हे आरामात करतो. पण टीव्हीला त्या फाइलमधलं काही झेपत नसेल तर नॅसला तो सिनेमा चालू असतानाच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नव्याने बनवावा लागतो, ते ट्रान्सकोडिंग, आणि फोरकेचं ट्रान्सकोडिंग नुसत्या सीपीयूवर करायचं म्हटलं तर घरगुती नॅसचा जीव जातो. तेव्हा पहिलं काम म्हणजे यातलं नक्की काय चाललंय ते बघणं. सिनेमा टीव्हीवर चालू ठेवा, मोबाइल किंवा लॅपटॉपवर सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडा, चालू असलेला सिनेमा तिथे दिसतो आणि त्याच्याखाली डायरेक्ट प्ले की ट्रान्सकोड ते लिहिलेलं असतं. जेलीफिनमध्ये आय च्या खुणेवर दाबलं की कारणही येतं, ऑडिओ चालत नाही, सबटायटल चालत नाही वगैरे.

समजा ट्रान्सकोड दिसलं. मग आधी टीव्हीच्या अ‍ॅपमध्ये क्वालिटीचं सेटिंग बघा, तिथे काही एमबीपीएसची मर्यादा घातलेली असेल तर टीव्हीला सगळं चालत असूनही सर्व्हर फाइल लहान करत बसतो, ते ओरिजिनल किंवा मॅक्सिममवर ठेवा. मग सबटायटल बंद करून बघा. ब्लू-रेवरून काढलेल्या फाइलीत सबटायटल अक्षरांच्या रूपात नसतात, चित्रांच्या रूपात असतात, त्यांना पीजीएस म्हणतात, आणि बऱ्याच टीव्ही अ‍ॅपना ते दाखवता येत नाहीत म्हणून सर्व्हर ते चित्रावर छापून देतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो. सबटायटल बंद केल्याबरोबर सिनेमा पळायला लागला तर चोर सापडला, एसआरटी प्रकारची (अक्षरांच्या रूपातली) सबटायटल फाइल शेजारी ठेवा आणि ती निवडा. नुसता ऑडिओ ट्रान्सकोड होत असेल, म्हणजे ट्रूएचडी किंवा डीटीएस टीव्हीला चालत नाही म्हणून, तर त्याची चिंता करू नका, ते हलकं काम आहे.

आता समजा डॅशबोर्डवर डायरेक्ट प्ले आहे आणि तरी अडकतंय. तुमच्या पत्रात 'सरळ केबल' वाचलं तेव्हाच मला शंका आली. पुष्कळ टीव्हींचा लॅन पोर्ट, अगदी महागड्यांचाही, फक्त १०० एमबीपीएसचा असतो, नॅस आणि राउटर गिगाबिट असले तरी टीव्हीच्या तोंडाशी येऊन वेग १०० वर अडकतो. ब्लू-रेवरून जशीच्या तशी उतरवलेली फोरके फाइल सरासरी ६०-८० एमबीपीएस मागते आणि धावपळीच्या सीनमध्ये १०० च्याही वर जाते, तिथेच तुमचं गोल फिरतं. साधा एचडी सिनेमा २०-४० मध्ये भागतो म्हणून तो मस्त चालतो. उपाय ऐकून नवल वाटेल, पण केबल काढा आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका, राउटर त्याच खोलीत किंवा जवळ असेल तर वेग १०० च्या बराच वर मिळतो. राउटर लांब असेल तर गिगाबिट पोर्टवाला छोटा स्ट्रीमिंग बॉक्स टीव्हीला लावा, तो नव्या नॅसपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

आणि हे सगळं करून शेवटी ट्रान्सकोडिंग लागणारच असेल, म्हणजे घरात जुने टॅब आहेत, बाहेरून बघायचंय, तर मग हार्डवेअर ट्रान्सकोडिंगचा विचार करा. त्यासाठी नॅसच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स पाहिजे. इंटेलच्या जे४१२५ किंवा एन५१०५ सारख्या साध्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक (ग्राफिक्समधला व्हिडिओ बनवणारा खास भाग) असतं आणि ते हे काम छान करतं, उलट एएमडीचा व्ही१५००बी एरवी दमदार असूनही त्यात ग्राफिक्स नाही त्यामुळे इथे तो मागे पडतो. नुसता 'नवा आणि मोठा' म्हणून नॅस घेतला आणि त्यात हे नसलं तर तुमचा सिनेमा तसाच अडकेल, हे दुकानदाराला जरूर विचारा. डॉकरमध्ये असाल तर डीआरआय नावाचं डिव्हाइस कंटेनरला जोडून द्यावं लागतं आणि मग जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये क्विक सिंक निवडायचं, नुसतं एक करून चालत नाही.

प्रश्न: मराठी सबटायटलच्या जागी चौकोन चौकोन येतात. आणि पोस्टर भलत्याच सिनेमाचं येतं, मराठी सिनेमा आणि पोस्टर हिंदीचं! आईला मराठी नावं बघून सिनेमा निवडायचा असतो म्हणून हे जमलं पाहिजे.

उत्तर: आईसाठी करताय तर नीट करूया.

चौकोन म्हणजे जो कोणी अक्षरं काढतोय त्याच्याकडे देवनागरी फॉन्ट नाही. सर्व्हर सबटायटल चित्रावर छापत असेल तर फॉन्ट सर्व्हरला द्यायचा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त हे दोन्ही फॉन्ट फुकट मिळतात, त्यातला एक नॅसवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि डॉकरमधल्या जेलीफिनला तो फोल्डर /usr/local/share/fonts/custom या नावाने जोडून द्या. पण सबटायटल टीव्हीचं अ‍ॅप स्वतः काढत असेल तर सर्व्हरवर फॉन्ट टाकून काही होणार नाही, तिथे टीव्हीवर दुसरं अ‍ॅप किंवा अ‍ॅपमधला दुसरा प्लेयर निवडून बघायचं. जोडाक्षरं फुटून दिसणं हासुद्धा अ‍ॅपचाच दोष, फाइलचा नाही.

चौकोनांऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसत असेल तर ती वेगळी भानगड. एक तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली नाही, ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून यूटीएफ-८ करून सेव्ह करा. नाही तर कोणीतरी ती जुन्या काळच्या श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, ती आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावी लागते, त्याशिवाय कुठल्याच टीव्हीवर ती वाचता येणार नाही. फाइलचं नाव सिनेमाच्या फाइलसारखंच आणि एसआरटीच्या आधी एक टिंब देऊन रोमनमध्ये एमआर (शेवट .mr.srt असा), म्हणजे सर्व्हरला कळतं की ही मराठी.

पोस्टरचं कारण नावात आहे. सर्व्हर फोल्डरचं नाव घेऊन टीएमडीबी या लोकांनी मिळून भरलेल्या यादीत शोधतो, आणि एकाच नावाचा सिनेमा मराठीत, हिंदीत, तेलुगूत असं होतंच आपल्याकडे. प्रत्येक सिनेमाला वेगळा फोल्डर करा आणि नावापुढे कंसात वर्ष लिहा, तेवढ्यानेच बहुतेक पोस्टरं जागेवर येतात. जो हट्टी उरेल त्याच्या फोल्डरच्या नावात टीएमडीबीवरचा त्याचा आयडी लिहून टाका, जेलीफिनला तो चौकोनी कंसात लागतो आणि प्लेक्सला महिरपी कंसात. मग लायब्ररीच्या सेटिंगमध्ये मेटाडेटाची (नाव, गोष्ट वगैरे माहितीची) भाषा मराठी करा. तरी काही सिनेमांची नावं इंग्रजीतच येतील कारण त्यांची मराठी माहिती कोणी भरलेलीच नाही, ती तुम्ही सर्व्हरवर हाताने बदलू शकता आणि शेजारी कुलपाची खूण असते ती लावली की पुढच्या स्कॅनमध्ये पुसली जात नाही. त्याहून चांगलं म्हणजे टीएमडीबीवर अकाउंट काढून तिथेच मराठी नाव आणि चार ओळींची गोष्ट भरा, मग ती तुमच्यासारख्या प्रत्येकाच्या घरी दिसेल. मराठी सिनेमांच्या बाबतीत हे काम आपणच करायला हवं, मला हे अगदी मनापासून वाटतं.

घरच्या लग्नाचे, मुंजीचे व्हिडिओ मात्र सिनेमाच्या लायब्ररीत घालू नका, नाहीतर त्यांनाही कुठल्यातरी सिनेमाचं पोस्टर लागतं. 'होम व्हिडिओ' अशी वेगळी लायब्ररी असते ती करा.

प्रश्न: मुलगा शिकायला बाहेर आहे, त्याला घरचा सर्व्हर बघता यावा म्हणून राउटरवर पोर्ट उघडला पण चालत नाही. काय राहिलं?

उत्तर: चालत नाहीये तर एका अर्थी बरंच झालं, तो पोर्ट आधी बंद करा. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस शोधून शोधून लोकांच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि पैसे मागितले. ज्या पेटीत घरचे फोटो आहेत ती जगासमोर उघडी ठेवायची नाही.

न चालण्याचं कारण बहुधा सीजीनॅट असावं. राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा, तो १००.६४ ते १००.१२७ यामधल्या आकड्याने सुरू होत असेल तर तुमच्या इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच घरांना वाटून दिलाय आणि मग पोर्ट उघडून काहीच उपयोग नसतो. यावर सरळ उपाय टेलस्केल, म्हणजे आपली मशीनं इंटरनेटवरून आपसात खासगीपणे जोडणारी सेवा. नॅसवर त्याचं पॅकेज टाका, मुलाच्या मोबाइलवर-लॅपटॉपवर अ‍ॅप टाका, नॅस त्याच्याबरोबर शेअर करा, मग नॅसचा जो टेलस्केलवाला पत्ता दिसतो त्यापुढे कोलन देऊन ८०९६ लावलं की घरात बसल्यासारखं जेलीफिन उघडतं, राउटरला हात लावायची गरजच नाही. आतून ते वायरगार्ड वापरतं, म्हणजे सगळं एन्क्रिप्टेड. फक्त आता वेग तुमच्या घरच्या अपलोडवर ठरणार, तेव्हा मुलाच्या युजरला बिटरेटची (दर सेकंदाला किती डेटा जाणार त्याची) मर्यादा घाला, इथे ट्रान्सकोडिंग होणं योग्यच आहे. आणि त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊ नका, त्याचा वेगळा युजर करा.

प्रश्न: टीव्हीच्या डीएलएनए यादीत (घरच्या नेटवर्कवरचे सर्व्हर आपोआप दाखवणारी सोय) सर्व्हर कधी दिसतो कधी नाही. आणि मोबाइलवर परवापर्यंत चालणारा पत्ता आज चालत नाही.

उत्तर: दुसऱ्याचं उत्तर आधी, राउटरने नॅसला नवा आयपी दिलाय. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून नॅसचा पत्ता कायमचा करून टाका, हे खरं तर पहिल्या दिवशीच करायचं काम. डीएलएनए मल्टिकास्टवर (नेटवर्कवर सगळ्यांना एकदम हाक मारण्यावर) चालतं, टीव्ही आणि नॅस वेगळ्या नेटवर्कवर असले, उदाहरणार्थ टीव्ही गेस्ट वायफायवर, तर ते एकमेकांना दिसत नाहीत. डॉकरमध्ये ब्रिज नेटवर्क (कंटेनरचं वेगळं आतलं नेटवर्क) असेल तरी तेच, होस्ट नेटवर्क (नॅसचंच) करा. जेलीफिनमध्ये १०.९ पासून डीएलएनए वेगळं प्लगिन झालंय तेही टाकलंय का बघा. टीव्हीवर अ‍ॅप मिळत असेल तर मात्र डीएलएनएच्या भानगडीत पडूच नका.

प्रश्न: दोन डिस्क आहेत, रेड १ केलंय. बाबांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून आणल्या त्या यावरच आहेत. बॅकअप झाला ना?

उत्तर: नाही झाला. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं, त्यामुळे एक डिस्क मेली तर ते वाचवतं, पण चुकून डिलीट झालं, व्हायरस आला, विजेच्या झटक्यात पेटीच गेली, तर दोन्ही डिस्कवरचं एकदमच जातं. सिनेमे परत मिळतील, बाबांच्या कॅसेट नाही, आणि टेप दरवर्षी आणखी खराबच होत जाते. यूएसबी डिस्क घ्या, सिनॉलॉजी असेल तर हायपर बॅकअपमधून तो फोल्डर आणि सर्व्हरचा कॉन्फिग फोल्डर दोन्ही तिच्यावर घ्या, आणखी एक प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर ठेवा. बॅकअप झाला की त्यातून एक व्हिडिओ दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतोय ना ते बघा, आणि मूळ कॅसेट तोपर्यंत फेकू नका.